सेंटर कपलिंग वारंवार जळतंय? टॉर्कची वाटणी बदलण्याआधी चाकांचे फेरे मोजा

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी. थंड असताना मोकळी चालते. पंधरा-वीस मिनिटं पळवली, की स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडते. टायर घासतात, क्लच सोडताना धक्का बसतो, कधी मागून ‘टक्’ असा आवाज येतो. दोन तास उभी ठेवली की परत मोकळी. पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या सेंटर डिफमधलं (डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) व्हिस्कस कपलिंग बदललं की काही आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या वागळे इस्टेटच्या शेडमध्ये एका गाडीने आम्हाला हेच दोनदा दाखवलं. दोन कपलिंग गेली. तिसरं टाकायच्या आधी आम्ही हात आवरला आणि मोजायला बसलो. तेव्हा कळलं की कपलिंगमध्ये दोष नव्हताच. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मागच्या चाकांकडे जास्त जावा म्हणून आम्हीच केलेल्या बदलात दोष होता. सुबारूचा गिअरबॉक्स घेऊन गाडी बांधणारे बरेच जण याच जागी अडकतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी मित्राची. ट्यूब फ्रेम, मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी बांधलेली. इंजिन जुन्या फॉरेस्टरचं. ही सुबारूची गाडी आपल्याकडे काही वर्षं शेवरले या नावाने विकली जायची. पाच-स्पीड गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीतला, मागचा डिफ तिसऱ्या गाडीतला, दोन्ही जुन्या मालातून उचललेले. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवरून न्यायची आणि बंदिस्त जागेतच पळवायची, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांनंतर कंपनीच्या मूळ नोंदीत नसलेले असे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तुमची गाडी रोज घोडबंदर रोडने जाणारी असेल, तर खालच्या चाचण्या जरूर करा, पण वाटणी बदलायच्या फंदात पडू नका.

या गिअरबॉक्समध्ये पुढचा डिफ पोटातच असतो. मागच्या भागात, एक्स्टेंशन केसिंगमध्ये, सेंटर डिफ बसतो. टॉर्क आधी त्या सेंटर डिफच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे गिअर धरणाऱ्या फिरत्या सांगाड्यात, येतो. तिथून एक वाटा पोकळ शाफ्टच्या आतून जाणाऱ्या पिनियन शाफ्टने पुढे जातो, दुसरा ट्रान्सफर गिअरमधून मागच्या प्रोपेलर शाफ्टकडे जातो. साध्या सेंटर डिफमध्ये बेव्हल गिअर असतात आणि दोन्ही बाजूंचे गिअर सारख्याच दात्यांचे. म्हणून वाटणी ५०:५०. भावाभावांत जमीन बरोबर निम्मी व्हावी तशी. पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू लागले, की त्यांच्यामधलं व्हिस्कस कपलिंग विरोध करतं. त्याच्या सीलबंद डब्यात भोकं पाडलेल्या पातळ चकत्या आणि घट्ट सिलिकॉन तेल असतं. चकत्यांच्या वेगात फरक पडला की तेल ताणलं जातं आणि जोर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो.

इथे एक गोष्ट मनात घट्ट बसवायला हवी. कपलिंग जोर नेहमी जास्त वेगाने फिरणाऱ्या शाफ्टकडून काढून घेतं आणि कमी वेगाच्या शाफ्टला देतं. आमचा सगळा घोटाळा या एका वाक्यात होता.

मित्राने कुठेतरी ऐकलं होतं, की मागचा डिफ जास्त रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जास्त फेरे) टाकला तर गाडी ‘मागून ढकलते’. गिअरबॉक्समधला पुढचा क्राउन-पिनियन (डिफची मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) ३.९ चा, ट्रान्सफर गिअर १:१ चे. मागे त्याने ४.१११ चा डिफ टाकला. मलाही तेव्हा ते पटलं होतं, कारण कागदावर मागच्या चाकांना ५.४ टक्के जास्त टॉर्क मिळतो हे खरंच आहे. पण चारही चाकं एकाच जमिनीवर, एकाच वेगाने धावतात. मागचा शाफ्ट त्यामुळे पुढच्यापेक्षा ५.४ टक्के जास्त वेगाने फिरायलाच हवा, सरळ रस्त्यावरसुद्धा.

त्याची किंमत काढू. टायरचा परिघ साधारण २ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं. पुढचा पिनियन शाफ्ट १९५० फेरे, मागचा शाफ्ट सुमारे २०५५. फरक १०५ फेऱ्यांचा. साध्या गाड्यांतलं सुबारूचं कपलिंग दर १०० आरपीएम फरकाला ४ किलोग्रॅम-मीटर जोर देणारं असतं, म्हणजे जवळपास ४० न्यूटन-मीटर. एवढा जोर, एवढा फरक, सतत. गुणाकार केला की साडेचारशे वॅटच्या आसपास उष्णता निघते. घरातली हजार वॅटची इस्त्री निम्म्या ताकदीवर त्या छोट्या डब्यात कायम चालू ठेवली आहे असं समजा. ते सिलिकॉन तेल फुगतं, दाब वाढतो, चकत्या एकमेकींना चिकटू लागतात आणि कपलिंग जवळजवळ लॉक होतं. थंड झालं की सुटतं, पण प्रत्येक वेळी तेल थोडं मरतं.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं, तेच उलटं झालं. मागचा शाफ्ट जास्त वेगाचा, म्हणून कपलिंग त्याच्याकडूनच ४० न्यूटन-मीटर काढून पुढच्या शाफ्टला देत होतं. मागे पाठवायला गेलो तो टॉर्क पुढे जात होता. मित्र सांगायचा, ‘अरे, वळणात पुढचं तोंड बाहेर जातंय, मागून ढकलत नाहीये.’ त्याचं शरीर खरं सांगत होतं. आम्ही त्याच्या ड्रायव्हिंगला दोष देत राहिलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता निदान कसं चुकतं ते सांगतो, कारण हाच भाग सगळ्यांत जास्त फसवतो. पूर्ण वळणात पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर चालतात. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) गाडी पूर्ण वळवली तर पुढचा अॅक्सल मागच्यापेक्षा १२ ते १४ टक्के जास्त अंतर कापतो. आमच्या गाडीत मागचा शाफ्ट आधीच ५.४ टक्के पुढे होता, म्हणजे वळणात फरक वाढण्याऐवजी कमी व्हायचा. त्यामुळे नवं कपलिंग टाकलं की पहिले काही दिवस वळणात गाडी अगदी मोकळी वाटायची आणि आम्ही समजायचो की काम झालं. नुकसान सरळ रस्त्यावर चालू होतं, जिथे कोणी तपासत नाही.

म्हणून पहिली चाचणी वळणात करूच नका. सरळ, सपाट, रिकाम्या जागेवर गाडी वीस मिनिटं चालवून गरम करा. मग ताशी तीसच्या आसपास क्लच दाबून न्यूट्रल टाका आणि गाडी आपोआप किती लांब जाते ते पाहा. थंड असतानाची जागा आधीच खुणेने ठेवलेली असावी. गरम झाल्यावर गाडी बरीच आधी थांबत असेल, तर रेशो किंवा टायरचा मेळ नाही असा संशय घ्या. सरळ नीट घरंगळते आणि फक्त वळणात अडते, तर कपलिंग स्वतःच संपलेलं असण्याची शक्यता जास्त. मात्र मागचा ब्रेक अडकलेला असेल तरीही गाडी लवकर थांबते. चाचणीनंतर चारही डिस्कजवळ हात नेऊन ऊब तपासा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. आम्ही ही चाचणी रबाळेच्या एमआयडीसीत, रविवारी बंद असलेल्या एका कारखान्याच्या आवारात, मालकाच्या परवानगीने केली.

दुसरी चाचणी मला सगळ्यांत जास्त आवडते. तिला खडू, चार मजबूत स्टँड आणि धीर एवढंच लागतं.

सपाट काँक्रीटवर गाडी चारही स्टँडवर घ्या, चाकं पूर्ण अधांतरी. हँडब्रेक सोडा. गिअर पहिल्यात टाका, इंजिन बंद. एकाने क्रँकच्या बोल्टला पाना लावून धरून ठेवावं, म्हणजे सेंटर डिफचा कॅरिअर हलणार नाही. पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक आऱ्यांतून पट्टा घालून फ्रेमला घट्ट बांधा. आता मोकळ्या राहिलेल्या पुढच्या चाकावर खडूने खूण करा, मागच्यावरही. पुढचं चाक पुढच्या दिशेने सावकाश फिरवा. मागचं चाक उलट दिशेने फिरायला लागेल. घाई केली तर कपलिंग हाताला जोर लावायला लावतं, म्हणून एका फेरीला दहा सेकंद तरी घ्या. पुढचे २० फेरे पूर्ण करा आणि मागचं चाक किती फेरे उलटं फिरलं ते मोजा.

५०:५० चा सेंटर डिफ आणि जुळलेले रेशो असतील तर मागचं चाकही २० फेरे घेईल. आमचं १९ वर थांबलं. सुरुवातीला वाटलं मोजण्यात चुकलो. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा १९, खडूची खूण केसभर मागे. ३.९ ला ४.१११ ने भागून २० ने गुणलं की १८.९७ येतात. त्या दुपारी शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. दोन कपलिंगचा हिशेब त्या एका फेऱ्यात होता.

फेरे २० का घ्यायचे? कारण एक-दोन फेऱ्यांत ५ टक्क्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. वीस फेऱ्यांत तो पूर्ण एक फेरा होतो.

दोष पुढे की मागे हे ठरवायला फक्त मागचा डिफ वेगळा मोजा. मागचं एक चाक बांधलेलंच ठेवा, दुसरं २० फेरे फिरवा. डिफच्या स्वभावाप्रमाणे क्राउन १० फेरे घेतो. प्रोपेलर शाफ्टवर खूण करून त्याचे फेरे मोजा. ३९ आले तर डिफ ३.९ चा, ४१ च्या थोडं पुढे गेले तर ४.१११ चा, साडेपस्तीसच्या आसपास आले तर ३.५४५ चा. मागे लिमिटेड-स्लिप (दोन चाकांना वेगवेगळं फिरायला विरोध करणारा डिफ) असेल तर एक चाक बांधून हे जमत नाही. दोन्ही मागची चाकं एकत्र, प्रत्येकी १० फेरे फिरवा. डिफ उघडलेलाच असेल तर थेट दाते मोजा. ३९ आणि १० म्हणजे ३.९. ३७ आणि ९ म्हणजे ४.१११. ३९ आणि ११ म्हणजे ३.५४५. केसिंगवरच्या पेंटच्या आकड्यावर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आम्ही गेलो होतो.

ट्रान्सफर गिअरची गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. काही गिअरबॉक्समध्ये ते १:१ नसून १.१ असतात. तिथे पुढे ३.९ असताना मागे ३.५४५ चाच डिफ बसायला हवा, कारण ३.५४५ गुणिले १.१ बरोबर ३.९ होतात. असा गिअरबॉक्स घेऊन मागे ३.९ चा डिफ टाकला तर फरक दहा टक्क्यांचा होतो आणि कपलिंग फार दिवस टिकत नाही. याच्या उलट, १:१ च्या गिअरबॉक्सला ३.५४५ चा डिफ लावला तर मागचा शाफ्ट कायम मागे पडतो. तेव्हा सरळ रस्त्यावरचा फरक आणि वळणातला फरक एकाच दिशेचे होतात आणि गाडी वळणात पहिल्या दिवसापासून अडते. म्हणून गिअरबॉक्स घेताना तिन्ही आकडे एकत्र बघायचे: पुढचा क्राउन-पिनियन, ट्रान्सफर, मागचा क्राउन-पिनियन.

टायरचं लवकर सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कोणी मोजत नाही. नवा आणि अर्धा झिजलेला टायर यांच्या नक्षीत ४ मिलीमीटरचा फरक असेल, तर परिघात २५ मिलीमीटरचा पडतो. मी परिघातला फरक ६ मिलीमीटरच्या आत ठेवतो. शिवणकामाचा टेप टायरभोवती गुंडाळायचा, चारही टायरमध्ये सारखी हवा भरून. मागे मोठे टायर टाकून रेशोचा फरक भरून काढू, असं आमच्याकडेही एकाने सुचवलं. १९५/६५ आर१५ च्या जागी २०५/६५ आर१५ घेतला तर दोन टक्के मिळतात. पाच टक्के भरायला आणखी मोठा टायर हवा, तो झिजला की पुन्हा हिशेब चुकणार, आणि चाकाच्या कमानीला घासेल ते वेगळंच. तो नाद सोडला.

एक धोक्याचं काम अनेक जण करतात, ते करू नका. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी चालवून बघणे. शाफ्ट ओढला की एक्स्टेंशनमधून गिअर ऑइल सांडतं, आणि गाडी चालवली तर सगळा टॉर्क कपलिंगवर येतो, ते काही मिनिटांत जळतं. शाफ्ट काढलाच असेल तर गाडी फक्त हाताने ढकलून बघा.

आम्ही मागचा डिफ ३.९ चा घातला, नवं कपलिंग टाकलं, ऑइल बदललं. या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल, सुमारे साडेतीन लिटर लागतं आणि तेच ऑइल पुढच्या डिफलाही जातं. ही दुरुस्ती पावसाळ्यात केली असेल तर आणखी एक काम करा. ब्रीदरचा, म्हणजे केसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा, पाइप उंच न्या. पाण्यातून गेल्यावर गरम केसिंग एकदम थंड होतं आणि आत पाणी ओढून घेतं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर ते लगेच काढा.

चाक-चाचणी पुन्हा केली. २० ला २०. पूर्ण हंगाम गाडी पळाली, कपलिंग तेच राहिलं.

मग मित्राच्या मूळ इच्छेकडे वळलो: मागे खरोखर जास्त टॉर्क हवा. यासाठी दोन रस्ते आहेत आणि त्यांचं काम वेगवेगळं आहे. जाड कपलिंग, उदाहरणार्थ रॅलीसाठी वापरतात ते २० किलोचं (वजन नव्हे, दर १०० आरपीएम फरकाला २० किलोग्रॅम-मीटर जोर), वाटणी बदलत नाही. ते फक्त पुढच्या-मागच्या शाफ्टना एकमेकांशी जास्त घट्ट बांधतं. चिखलात उपयोगी, कोरड्या मातीवरच्या वळणांत गाडी हट्टी होते. मूळ वाटणी बदलायची असेल तर सेंटर डिफच बदलायला हवा. बेव्हलच्या जागी प्लॅनेटरी.

प्लॅनेटरीत मध्ये सूर्य गिअर, त्याभोवती कॅरिअरवरचे छोटे गिअर आणि बाहेर रिंग गिअर असतो, आणि वाटणी दात्यांत असते. कॅरिअरमधून टॉर्क आत येतो, सूर्य गिअर पुढच्या शाफ्टला, रिंग गिअर मागच्या शाफ्टला. सूर्य २८ दात्यांचा आणि रिंग ५२ दात्यांची असेल, तर ८० पैकी २८ वाटे पुढे, म्हणजे ३५ टक्के, आणि ६५ टक्के मागे. सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआयच्या सेंटर डिफमध्ये ३५:६५ आणि नंतर ४१:५९ अशी दोन प्रमाणं आली, सोबत विजेवर दाबला जाणारा क्लच. त्या क्लचला कंट्रोलर जोडला नाही तर डिफ मोकळा राहतो, आणि एक चाक हवेत गेलं की गाडी जागेवर उभी राहते.

तुर्भे किंवा तळोज्याच्या एमआयडीसीत गिअर कापून देणारे चांगले कारागीर आहेत, पण हा संच स्वतः बनवायचा विचार असेल तर आधी धातूचं ठरवा. २०एमएनसीआर५ सारख्या पोलादाचे, कापल्यावर कार्बराइझ करून (पृष्ठभागात कार्बन मुरवून) पृष्ठभाग एचआरसी ६० (कडकपणाचं माप) च्या आसपास कडक केलेले आणि मग ग्राइंड केलेले गिअर हवेत. आमच्या ओळखीच्या लेथवाल्या काकांनी सांगितलेलं पटलं: ‘कापणं सोपं आहे, कडक करताना वाकडं होतं ते सरळ करणं अवघड.’ आम्ही शेवटी तयार प्लॅनेटरी डिफ असलेला गिअरबॉक्सच शोधला. वाटणी ५० वरून ६५ झाली की मागच्या डिफवर, डिफपासून चाकांपर्यंतच्या हाफ-शाफ्टवर आणि जोडांवर ३० टक्के जास्त भार येतो, म्हणून मागचे हाफ-शाफ्ट आणि माउंटिंग आधी तपासले.

बसवल्यावर तीच खडूची चाचणी. आता आकडा वेगळा यायला हवा. कॅरिअर धरलेला असताना ज्या बाजूला टॉर्क कमी ती बाजू जास्त फिरते, म्हणून पुढच्या २० फेऱ्यांना मागचं चाक २० गुणिले ३५ भागिले ६५, म्हणजे पावणेअकराच्या किंचित पुढे जायला हवं. ४१:५९ असता तर जवळपास १४. मित्र पुढचं चाक फिरवत होता, मी मागे बसून मोजत होतो. दहा पूर्ण झाले, खूण आणखी पाऊण फेरा फिरून चासिसच्या पट्टीपासून बोटभर पुढे थांबली.

नव्या संचाचं पहिलं ऑइल लवकर काढा, पहिल्याच फेरीनंतर. ड्रेन प्लगच्या चुंबकावर शिशासारखी मऊ राखाडी पेस्ट असेल तर गिअर बसत आहेत. चमकणारे कण किंवा सुईसारखे तुकडे दिसले तर इंजिन सुरू करू नका, एक्स्टेंशन केसिंग उघडा.